चार महिन्यांचं बिऱ्हाड

दोस्तांनो, आज एक बेत करू या. अगदी लांबचा. पण डोळे मिटू नका हं, नाहीतर पुढचं वाचता येणार नाही!

समजा, तुम्ही मोठे झाला आहात. मंचरच्या, नारायणगावच्या किंवा ओतूरच्या कॉलेजातून शिकून बाहेर पडलात आणि जर्मनीतल्या एका विद्यापीठानं तुम्हाला चार महिन्यांच्या अभ्यासासाठी बोलावलं. पासपोर्ट झाला, व्हिसा झाला, विमानाचं तिकीट झालं. आजीनं मेतकुटाचा डबा भरला, आईनं स्वेटर कोंबला, बाबांनी तीनतीनदा बॅगेला कुलूप लावून पाहिलं. सगळं झालं. आता एवढंच सांगा, तिकडे पोहोचल्यावर राहणार कुठे?

"हॉटेलात!" कुणीतरी म्हणालंच. दोनचार रात्री ठीक आहे. पण चार महिने हॉटेलात राहायचं तर बाबांना टोमॅटोचा अख्खा हंगाम विकावा लागेल, आणि तरी पैसे पुरतील याची खात्री नाही.

"मग घर घेऊ!" चार महिन्यांसाठी? आणि परत येताना त्याचं काय करणार? बॅगेत भरून आणणार?

म्हणजे हॉटेलही नको आणि स्वतःचं घरही नको. दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं. जिथे आपली अंथरुणाची गादी असेल, चहाचं आधण ठेवता येईल, पत्र आलं तर आपल्या नावानं येईल, आणि मुदत संपली की किल्ली परत देऊन निघता येईल असं काहीतरी. आपल्या भाषेत यासाठी झकास शब्द आहे: बिऱ्हाड. घर बांधतात, बिऱ्हाड करतात. विंचू तर ते पाठीवरच घेऊन हिंडतो! माणसाला मात्र ते शोधावं लागतं. आणि परक्या मुलखात थोड्या दिवसांसाठी बिऱ्हाड शोधणं हे भल्याभल्यांना घाम फोडणारं काम आहे.

असं का बरं? जागा तर जगात पुष्कळ असतात.

जरा घरमालकाच्या बाजूनं विचार करा. दारात एक अनोळखी माणूस उभा आहे. त्याची भाषा वेगळी, कपडे वेगळे, गावाचं नाव कधी न ऐकलेलं. घरमालकाच्या मनात तीन प्रश्न येतात. हा आहे कोण? भाडं वेळेवर देईल का? आणि मुदत संपल्यावर जागा नीट ठेवून जाईल का? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की दार उघडतं. जगातल्या कुठल्याही गावात जा, कुठल्याही काळात जा, प्रश्न हेच. फक्त उत्तरं देण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या.

चला तर, आधी थोडे मागे जाऊ. फार लांब नाही, आपल्या जुन्नरलाच.

जुन्नर जेव्हा परदेश होतं

परदेश म्हटलं की आपल्याला लंडन, न्यूयॉर्क आठवतं. पण जगात कुणासाठी तरी जुन्नर हाच परदेश होता, हे ठाऊक आहे?

दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. पश्चिमेकडून आलेली जहाजं सोपारा, कल्याण अशा बंदरांना लागत. तिथून माल जनावरांच्या पाठीवर चढे आणि नाणेघाटातून वर येऊन जुन्नरच्या पेठेत उतरे. घाटाच्या माथ्यावरचा तो मोठा दगडी रांजण तुम्ही सहलीला गेला असाल तर पाहिलाच असेल. जकातीची नाणी त्यात टाकत, असं लोक सांगतात. तिथेच सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्रसिद्ध शिलालेख असलेलं लेणं आहे. त्याच्या भिंतींना लागून दगडी बाक आहेत. घाट चढून दमलेल्या वाटसरूंना इथे टेकता येत असावं, असं काही अभ्यासकांना वाटतं.

आता जुन्नर गावात या. भोवतालच्या डोंगरांवर नजर फिरवा. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा या चार ठिकाणी मिळून शंभराच्या वर लेणी आहेत. लेण्याद्रीला गिरिजात्मजाचं दर्शन घेतलंत ना? आपण ज्या दालनात उभे राहून दर्शन घेतो ते मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार आहे. मध्ये एकही खांब नसलेलं मोठं दालन आणि तीन बाजूंना मिळून वीस खोल्या. आजच्या भाषेत म्हणाल तर वीस खोल्यांचं वसतिगृहच!

भिक्षूंचा नियम असा की वर्षभर गावोगाव फिरायचं, पण पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचं. याला वर्षावास म्हणतात. म्हणजे सुरुवातीला ही लेणी म्हणजे तीन महिन्यांची बिऱ्हाडंच होती की! पुढे काही भिक्षू कायम राहू लागले.

बरं, भिक्षूंकडे पैसा नाही. मग खोल्या कोण कोरून देई? भिंतींवरचे ब्राह्मी लिपीतले लेख ते सांगतात. एका लेखात आहे की धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे संघटनेनं, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिलं. आणि खरी गंमत पुढे आहे. तीन लेखांत दान देणाऱ्यांना 'यवन' म्हटलं आहे. यवन म्हणजे त्या काळच्या बोलीत ग्रीक, किंवा एकूणच पश्चिमेकडून आलेला परका माणूस. त्यांची नावं इरिल, चिट आणि चंद. इरिलानं काय दिलं? पाण्याची दोन टाकी. चिटानं काय दिलं? संघासाठी भोजनमंडप. आणि चंदानं लेण्याचा दर्शनी भाग.

विचार करा हं. परका म्हणवला जाणारा माणूस इथे राहिला, रुळला, आणि देताना त्यानं काय दिलं, तर पाणी आणि जेवायची जागा. परमुलखात पाय ठेवल्यावर माणसाला पहिल्यांदा याच दोन गोष्टी लागतात, नाही का?

दाताच्या दवाखान्यातलं मासिक

आता उलटा प्रवास करू. आपल्याकडून तिकडे.

कल्याणची आनंदीबाई जोशी तुम्हाला पाठ्यपुस्तकात भेटली असेल. परदेशात जाऊन डॉक्टर झालेल्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी ती एक. ७ एप्रिल १८८३ रोजी तिनं कलकत्त्याहून आगबोट धरली आणि ४ जूनला ती न्यूयॉर्कला उतरली. वय अठरा. बरोबर नवरा नाही, नातेवाईक नाही. हॉटेल, दलाल, जाहिराती यांपैकी काहीच तिच्या ओळखीचं नव्हतं. तरी बंदरावर तिला घ्यायला एक बाई हजर होत्या आणि त्यांच्या घरी तिची खोली तयार होती!

हे कसं जमलं? गोष्ट मजेशीर आहे. आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांनी बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारं एक पत्र अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याला लिहिलं होतं. ते तिकडच्या एका मासिकात छापून आलं. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या होत्या. वेळ जावा म्हणून त्यांनी समोरचं मासिक उचललं आणि ते पत्र त्यांच्या नजरेस पडलं. त्यांनी आनंदीबाईंना पत्र धाडलं. उत्तर आलं. पुन्हा पत्र, पुन्हा उत्तर. अशी जवळजवळ तीन वर्षं गेली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

म्हणजे घरमालकाच्या त्या तीन प्रश्नांपैकी पहिला, 'हा आहे कोण?', त्याचं उत्तर बोटीत बसण्याआधीच मिळालं होतं.

पण पुढचं ऐका. रोझेलमधला उन्हाळा मावशींच्या मायेत गेला. मग कॉलेजसाठी आनंदीबाईंना फिलाडेल्फियात खोली घेऊन राहावं लागलं. खोली थंडगार. शेकोटी पेटवली तर खोलीभर धूर, विझवली तर हाडं गोठवणारी थंडी. अंगावर नऊवारी, पोटात शाकाहारी जेवण. अशात त्यांनी अभ्यास पुरा केला आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळवली. तब्येत मात्र ढासळली होती. मायदेशी परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. तेव्हा वय पुरतं बावीसही नव्हतं. त्यांच्या अस्थी मावशींकडे पाठवण्यात आल्या आणि कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. थोड्या दिवसांसाठी आलेल्या मुलीला त्या घरानं कायमचं आपलं मानलं.

मोठ्या माणसांनी यातून एक ध्यानात ठेवावं. परदेशात मुलाला किंवा मुलीला खोली मिळाली एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. ती खोली ऊबदार आहे का, हवा खेळती आहे का, हेही विचारावं. महागड्या फीपेक्षा कधी कधी हा साधा प्रश्न मोलाचा ठरतो.

थंड भाडं आणि गरम भाडं

आता आजच्या काळात येऊ. आज तीन वर्षं पत्रं लिहायला सवड कुणाला आहे? म्हणून ओळखीचं काम कागद आणि पैसा करतात. प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी आणि मोठी गमतीची.

जर्मनीत भाडी दोन असतात, थंड आणि गरम! थंड भाडं म्हणजे नुसत्या जागेचं. त्यात घर तापवण्याचा आणि पाण्याचा वगैरे खर्च मिळवला की झालं गरम भाडं. नुसतं थंड भाडं ऐकून 'अरे वा, स्वस्त आहे' म्हणालात तर फसलात! अनामत रक्कम किती घ्यायची याचीही तिथे मर्यादा आहे. तीन महिन्यांच्या थंड भाड्याहून जास्त मागता येत नाही. आणखी एक नियम असा की राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत तिथल्या सरकारी कचेरीत जाऊन आपला पत्ता नोंदवायचा. त्यासाठी घरमालकाची चिठ्ठी लागते. म्हणून जो घरमालक 'चिठ्ठीबिठ्ठी मिळणार नाही' म्हणतो, त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं.

इंग्लंडमध्ये २०१९ साली एक कायदा आला. त्यानुसार साधारण घरांसाठी अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. शिवाय ती रक्कम घरमालकाच्या खिशात मोकळी राहत नाही, सरकारमान्य योजनेखाली सुरक्षित ठेवावी लागते.

जपानात खोलीचं माप तातामी चटयांवर सांगतात. सहा चटयांची खोली, आठ चटयांची खोली, असं! तिथे अनामत तर असतेच, पण बऱ्याच ठिकाणी 'रेइकिन' नावाची आणखी एक रक्कम मागतात. रेइकिन म्हणजे जागा दिल्याबद्दल घरमालकाला आभाराचे पैसे. ते परत मिळत नाहीत.

आणि आपल्याकडे? पुण्यात शिकायला गेलेल्या दादाला किंवा ताईला विचारा. 'अकरा महिन्यांचा करार' हे शब्द त्यांच्या तोंडी असतील. बारा महिन्यांच्या आतल्या करारांना नोंदणीच्या जुन्या कायद्यात सूट होती, त्यातून अकराचा आकडा रूढ झाला. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं मात्र करार लेखी हवा आणि तो नोंदवायला हवा, असं सांगितलं. आकडा मात्र लोकांच्या डोक्यातून गेला नाही!

थोड्या महिन्यांसाठी जागा हवी असेल तर सगळ्यात सोपी वाट कोणती? विद्यापीठाचं वसतिगृह. तिथे जागा नसेल तर विद्यापीठाच्या कचेरीतच विचारायचं, कारण त्यांच्याकडे पुष्कळदा ओळखीच्या घरमालकांची यादी असते. तिसरी वाट म्हणजे पोटभाडेकरू होणं. हसू नका, शब्द खरा आहे! एखादा विद्यार्थी सुटीत गावी जातो, तेव्हा तो आपली खोली तेवढ्या महिन्यांपुरती दुसऱ्याला देतो. तो भाडेकरू, तुम्ही त्याचे पोटभाडेकरू. यात खोलीबरोबर खाट, टेबल, भांडी आयती मिळतात. फक्त मूळ घरमालकाची परवानगी आहे ना, हे आधी कागदावर पाहून घ्यायचं. चौथी वाट म्हणजे एखाद्या कुटुंबात पाहुण्यासारखं पैसे देऊन राहणं. भाषा शिकायची असेल तर याच्यासारखी शाळा नाही. आणि पाचवी वाट आपली नेहमीची, म्हणजे मराठी माणसं शोधणं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. अमेरिकेतल्या मराठी मंडळांची मिळून एक मोठी संस्था १९८१ साली झाली. नव्या माणसाला 'तो घरमालक चांगला आहे', 'त्या गल्लीत नको' हे सांगणारा एक आवाज मिळाला, तरी अर्धं काम होतं.

आता आईबाबांनी जवळ येऊन बसावं. फसवणुकीची एक ठरलेली रीत आहे. सुंदर घराचे फोटो, भाडं आश्चर्य वाटावं इतकं कमी, आणि घरमालक म्हणतो, "मी सध्या दुसऱ्या देशात आहे, घर दाखवता येणार नाही, पैसे पाठवा, किल्ली टपालानं येईल." किल्ली कधीच येत नाही. कारण घर त्याचं नसतंच! म्हणून चार गोष्टी गाठीला बांधा.

१. घर आपण किंवा आपल्या खात्रीच्या माणसानं पाहिल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत.

२. करार पूर्ण वाचायचा. भाषा कळत नसेल तर कळणाऱ्याकडून वाचून घ्यायचा. मुदत, अनामत आणि ती परत कधी मिळणार, या तीन ओळी आधी शोधायच्या.

३. पैसे दिले की पावती घ्यायची.

४. खोलीत शिरल्या दिवशीच भिंती, खिडक्या, नळ यांचे फोटो काढून ठेवायचे. म्हणजे जुनी मोडतोड आपल्या नावावर येत नाही.

सगळंच घरून ठरत नसेल तर पहिले आठ दिवस एखाद्या स्वस्त, नावाजलेल्या वसतिगृहात काढायचे आणि तिथून पायी हिंडून खोली पाहायची. घाई करणारा फसतो, हे आठवडे बाजारात जाणाऱ्या माणसाला सांगायला नको!

ज्याला न्यूयॉर्कला खोली मिळाली, त्याला…

इथपर्यंत सगळं ठीक. ओळख असली, कागद असला, पैसा असला की खोली मिळते, असं तुम्ही म्हणाल. पण दोस्तांनो, आता जी हकीकत सांगणार आहे तिच्यात हे सगळं असूनही दार उघडलं नाही.

१९१३ साली भीमराव आंबेडकर नावाचा तरुण बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. पहिल्यांदा विद्यापीठाच्या एका वसतिगृहात राहिला. तिथलं जेवण मानवेना म्हणून आठवड्याभरात दुसरीकडे गेला. पुढे दुसऱ्या वसतिगृहात नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिला. ती मैत्री जन्मभर टिकली. नव्या देशातल्या कुठल्याही विद्यार्थ्याची असावी तशीच ही धावपळ. जागा बदलल्या, पण जागा मिळत गेली.

मग १९१७ साल आलं. शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे बडोद्याला नोकरी करायची होती. अमेरिकेत आणि लंडनला शिकून आलेला हा विद्वान तरुण बडोद्याच्या स्टेशनवर उतरला. महाराजांच्या दरबारात नोकरी पक्की, खिशात पैसे. आणि तरी त्याला राहायला खोली मिळेना! कारण एकच. त्याची जात अस्पृश्य मानली जात होती.

शेवटी एक पारशी धर्मशाळा सापडली. दिवसाला दीड रुपया. पण तिथे फक्त पारशांनाच राहता येई. म्हणून पारशी नाव लावून राहावं लागलं. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, शेजारी अडगळीनं भरलेलं मोठं दालन, विजेचा दिवा नाही, रात्री कंदील. तिथे एकट्यानं दिवस काढले. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर माणसं काठ्या घेऊन जिना चढून आली. 'संध्याकाळपर्यंत जागा खाली कर' म्हणाली. भीमरावांनी एका हिंदू मित्राला विचारलं, एका ख्रिस्ती मित्राला विचारलं. दोघांनी टाळलं. अखेर बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली.

हाच माणूस पुढे १९२१-२२ मध्ये लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरात भाड्यानं राहून शिकला. जेवण तुटपुंजं असे. रात्री भूक लागली की पापड भाजून खात, असं त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहिलं आहे. पण खोली होती, दिवा होता, पुस्तकं होती. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ते घर विकत घेतलं. आता ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं स्मारक आहे. जिथे ते भाडेकरू होते, ती वास्तू आता आपली आहे.

बडोद्याची ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली. त्या लिखाणाचं नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. व्हिसा म्हणजे परक्या देशात शिरण्याची परवानगी. मग आपल्याच देशातल्या आठवणींना त्यांनी हे नाव का दिलं असेल? याचं उत्तर मी सांगणार नाही. आज रात्री जेवताना घरातल्या सगळ्यांनी मिळून शोधा.

आता दार आपलं

आणि हो, आपण जुन्नर-आंबेगावची माणसं नेहमी पाहुणेच नसतो हं. पुष्कळदा आपण घरमालक असतो.

खोडदला जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या! तिच्यापायी देशोदेशीचे शास्त्रज्ञ आपल्या भागात येऊन राहून गेले आहेत. त्यांच्यासाठी खोडद हाच परदेश. त्यांना वाट विचारायची झाली तर आपली पोरं धावत पुढे होतात. छान!

नारायणगावात यात्रांच्या हंगामात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची माणसं तिथे येऊन सुपारी देतात. हंगाम संपला की राहुट्या उठतात.

दिवाळीनंतर मेंढ्यांचे कळप घेऊन धनगर येतात आणि वावरात वाडा बसवतात. इथे तर भाड्याचा हिशोबच उलटा! मेंढ्यांचं खत रानाला मिळतं, म्हणून शेतकरीच धनगराला धान्य किंवा पैसे देतो. जागेवर राहणाऱ्याला जागेचा मालक पैसे देतो, असं जर्मनीत, जपानात ऐकलंत का?

आणि साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की, निवृत्तीनगरचा विघ्नहर असो की पारगावचा भीमाशंकर, बीड आणि नगरकडून (म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडून) ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली. ती फिटेपर्यंत परतीची वाट नाही. त्यांचं चारपाच महिन्यांचं बिऱ्हाड म्हणजे कोपी. चार बांबू, वर पाचट किंवा प्लास्टिकचा कागद. दाराला कडी नाही, कारण दारच नाही. आपल्या उसात बिबट्या आहे हे आपल्याला ठाऊक आहे. संध्याकाळ झाली की आपण आत जाऊन दार लावतो. कोपीतल्या पोरांनी काय लावायचं?

त्या पोरांपैकी काही तुमच्या वयाची असतात. काही ठिकाणी त्यांच्यासाठी साखरशाळा चालतात, काही जण तुमच्याच शाळेत चारपाच महिने येऊन बसतात. ती बाकावर बसली की वर्गात एक कुजबुज होते, "हा कुठला रे?" घरमालकाचा पहिलाच प्रश्न!

तो प्रश्न वाईट नाही. अनोळखी माणसाला नाव-गाव विचारायलाच हवं. पण विचारायचं ते ओळख करून घेण्यासाठी, वाटेला लावण्यासाठी नव्हे. कार्पेंटरबाईंनीही हाच प्रश्न विचारला होता आणि काठ्या घेऊन जिना चढणाऱ्यांनीही. फरक त्याच्यापुढच्या वाक्यात होता.

या आठवड्याचा उद्योग

१. घरातल्या मोठ्यांना विचारा: आपल्या घराण्यातलं पहिलं भाड्याचं बिऱ्हाड कुठे होतं? मुंबईच्या चाळीत, पुण्याच्या वाड्यात की आणखी कुठे? भाडं किती होतं? आणि 'हा माणूस चांगला आहे' असं घरमालकाला सांगणारा कोण होता? त्याचं नाव वहीत लिहून ठेवा.

२. लेण्याद्रीला जाल तेव्हा दर्शन झाल्यावर भोवतालच्या वीस खोल्या मोजा. एका खोलीत आपलं अंथरूण कसं मावेल, याचा अंदाज घ्या. भिंतींवर मात्र नाव कोरायचं नाही हं! तो हक्क टाकं किंवा भोजनमंडप देणाऱ्यांचा.

३. चार महिन्यांसाठी तुमच्या गावात येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला उपयोगी पडेल असा एक कागद तयार करा. पिण्याचं पाणी कुठे, दवाखाना कुठे, शाळा किती वाजता भरते, अंधार पडल्यावर कुठल्या वाटेनं जायचं नाही, आणि अडलं तर कुणाच्या दारावर थाप मारायची. शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव लिहायला विसरू नका. कागद तयार झाला की शाळेच्या फळ्यावर लावा आणि एक प्रत आमच्याकडे पाठवा.